महावने, मोजदाद आणि सावली : ज्ञानेश्वरीतील एका ओवीच्या सार्वजनिक वाचनाविषयी

मृग नक्षत्राच्या आसपास वृक्षारोपणाचे समारंभ सुरू झाले की मराठीच्या प्राध्यापकाला आमंत्रणे येऊ लागतात. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने खड्डा किती खोल असावा हे सांगायचे आणि मराठीच्या प्राध्यापकाने त्या खड्ड्याला परंपरेचा आधार द्यायचा, अशी ही कामाची वाटणी आहे. व्यासपीठामागच्या फलकावर दोन अवतरणे हमखास असतात. एक तुकारामांचे, झाडावेलींना सोयरे म्हणणारे. दुसरे ज्ञानेश्वरांचे, नगरे वसवणे, जलाशय बांधणे आणि नाना प्रकारची महावने उठवणे यांविषयीचे. अहिल्यानगरमध्ये (२०२४ च्या नामांतरापूर्वीचे अहमदनगर, बोलताना आम्ही सगळे अजून ‘नगर’च म्हणतो) दुसऱ्या अवतरणाला विशेष मान आहे, कारण ज्ञानेश्वरी याच जिल्ह्यात, नेवाशाला सांगितली गेली. सातशे वर्षांपूर्वीच माउलींनी नगररचना, जलसंधारण आणि वनीकरण यांचा एकत्रित कार्यक्रम दिला होता, असे त्यावरून सांगितले जाते. हे मीही सांगितले आहे. एकदा नव्हे, सात-आठ वर्षे ओळीने सांगितले आहे. एम.ए.च्या वर्गात चौदावा अध्याय शिकवण्याची वेळ आली तेव्हा ओवी तिच्या जागी, आधीच्या आणि नंतरच्या ओव्यांच्या मध्ये, वाचावी लागली. आणि आपण इतकी वर्षे काय करत आलो हे लक्षात आले.

ही ओवी चौदाव्या अध्यायात, म्हणजे गुणत्रयविभागयोगात येते, आणि तेथे ती रजोगुणाच्या लक्षणांमध्ये येते. गीतेतील मूळ श्लोक लोभ, प्रवृत्ती, कर्मांचा आरंभ, अशम आणि स्पृहा ही रज वाढल्याची चिन्हे म्हणून सांगतो. त्या श्लोकाच्या विवरणात, रजाने झपाटलेला माणूस कसकशी भव्य कृत्ये आरंभतो याची जी यादी ज्ञानेश्वर देतात, तीत नगरे, जलाशय आणि महावने आहेत. पुढची ओवी अशा अफाट कर्मांचे समारंभ मांडूनही या माणसाची इहलोकीची आणि परलोकीची वासना कधी ‘पुरे’ म्हणत नाही, असे सांगते. त्यानंतर समुद्र आणि अग्नी यांचे दुर्भरत्वही ज्याच्यापुढे थिटे पडावे अशा अभिलाषेचे वर्णन येते. म्हणजे ज्या ओवीला आपण आज्ञा समजतो, ती निदान आहे. वैद्याने रोगाची लक्षणे सांगावीत आणि रोग्याने ती पथ्य म्हणून पाळावीत, तसा हा प्रकार झाला.

येथे एका आक्षेपाचा विचार करायला हवा, कारण संदर्भ दाखवून अवतरण खोडून काढण्यात जे सुख असते ते समीक्षेचे नव्हे, वकिलीचे आहे. ज्ञानेश्वर वने लावण्याची निंदा करतात काय? तसे म्हणणे संहितेला धरून होणार नाही. विहिरी, तळी, उपवने ही धर्मशास्त्रात ‘पूर्त’ म्हणून गणलेली पुण्यकर्मे होत. यादवकाळातील श्रोत्याला ती यादी ऐकताच राजाच्या आणि धनिकाच्या मान्य सत्कृत्यांची आठवण झाली असणार. ओवीची धार तेथेच आहे. वाईट कृत्यांची यादी देऊन रजोगुण दाखवणे सोपे होते. ज्ञानेश्वर चांगल्या कृत्यांची यादी देतात. दोष वनात नाही, तळ्यात नाही. तो ‘पुरे’ न म्हणण्यात आहे, करण्यापेक्षा आरंभण्यात आहे. ‘कर्मारंभ’ हा शब्द किती अचूक आहे हे कुदळ मारण्याच्या समारंभाला हजर राहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

या ओवीसमोर त्याच ग्रंथातील आणखी दोन स्थळे ठेवली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. पहिले स्थळ सहाव्या अध्यायातले. योगाभ्यासाला जागा कशी असावी याचे वर्णन करताना ज्ञानेश्वर एक रान उभे करतात : मुळासकट गोड अशी दाट, सदा फळणारी झाडे, पावलापावलावर पाणी, मंद वारा. हे रान कोणी लावलेले नाही. ते सापडावे लागते. तेथे काय असावे यापेक्षा काय किती असावे याचा विचार अधिक आहे. श्वापदांची गर्दी नको, पोपट-भुंग्यांचा गलबला नको. पाण्याकाठी हंस, दोन-चार सारस, कधीतरी एखादी कोकिळा. आणि मग फार गोड अशी एक सवलत येते : मोर कायमचे नकोत, पण अधूनमधून आले-गेले तर आमची काही हरकत नाही. चौदाव्या अध्यायातला माणूस ‘पुरे’ म्हणत नाही. सहाव्या अध्यायातला निवेदक मोराला ‘नको’ म्हणत नाही. दोन्हीकडे नकारार्थी क्रियापदे आहेत, आणि निसर्गाशी असलेले दोन पूर्ण भिन्न संबंध त्यांत सामावले आहेत. एकात कर्ता रानाच्या आधी येतो, दुसऱ्यात रान कर्त्याच्या आधी असते. जैवविविधता हा शब्द आपल्याकडे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रुळला. पण संख्येपेक्षा प्रमाणाला, आणि झाडापेक्षा झाडाभोवतीच्या येण्याजाण्याला महत्त्व देणारी दृष्टी सहाव्या अध्यायात आहे, चौदाव्यात नाही. फलकावर मात्र चौदावा आला.

दुसरे स्थळ बाराव्या अध्यायातले. शत्रू आणि मित्र यांच्या ठायी सम असणाऱ्या भक्ताला ज्ञानेश्वर झाडाची उपमा देतात : ज्याने तोडण्यासाठी घाव घातला त्याला आणि ज्याने लावले त्यालाही झाड एकच सावली देते. ही उपमा आपण समत्वाचे उदाहरण म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिचा दुसरा अर्थ लावणाऱ्याला तितकासा सुखावह नाही. झाडाच्या लेखी लावणाऱ्याला वेगळा हक्क नाही. ‘अमुक यांच्या शुभहस्ते’ अशी पाटी झाडाला वाचता येत नाही. तुकारामांच्या अभंगाविषयीही थोडक्यात असेच म्हणता येईल. सोयरे लावता येत नाहीत. ते असतात, किंवा जोडले जातात. शिवाय तो अभंग पुढे एकांताकडे आणि स्वतःशीच चाललेल्या संवादाकडे जातो, ध्वनिवर्धकाकडे नव्हे.

आता शहराकडे वळू. नगरच्या बाबतीत विचित्र योग असा की, चौदाव्या अध्यायातील यादी येथे अक्षरशः अमलात आली. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १४९० मध्ये, मलिक अहमद निजामशहाने भिंगारजवळ, सीनेच्या काठी नवे नगर वसवायला घेतले. पुढच्या शतकात त्या नगराला खापरी नळांनी दूरवरून पाणी आणले गेले आणि बागा उठवल्या गेल्या : हश्त बिहिश्त, फराहबख्श, बागरोजा. फराहबख्श महाल तर तलावाच्या मध्यभागी बांधला होता. आज महालाचे अवशेष आहेत, तलाव कोरडा आहे. नगर, जलाशय, वन या त्रयीतले नगर तेवढे वाढत राहिले; २००३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. बागांची नावे मात्र टिकली. बागरोजा आहे, फराहबाग आहे, आणि एस.टी. स्थानकाला ज्या वस्तीचे नाव मिळाले ती वस्ती माळीवाडा आहे. शहराच्या कडेला पाहावे तर निंबळक, निंबोडी, वडगाव गुप्ता, पिंपळगाव माळवी, चिचोंडी पाटील, हिवरे झरे. कडुनिंब, वड, पिंपळ, चिंच, हिवर. स्थळनामांच्या व्युत्पत्तीत फार आत्मविश्वास बरा नाही, हे मान्य करूनही असे म्हणता येईल की ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी गावाची ओळख एखाद्या झाडावरून सांगितली, झाडांच्या संख्येवरून नव्हे.

आपल्या काळाची भाषा संख्येची आहे. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ रोजी दोन कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला. २०१७ मध्ये तो चार कोटींचा, २०१८ मध्ये तेरा कोटींचा, २०१९ मध्ये तेहतीस कोटींचा झाला. या मोहिमेचे व्यवस्थापकीय मूल्यमापन हा माझ्या लेखाचा विषय नाही, आणि लाखो माणसांनी उन्हात केलेल्या कामाची टवाळी करण्याचा माझा हेतूही नाही. मला येथे केवळ आकड्यांचे वक्तृत्व पाहायचे आहे. दोन, चार, तेरा, तेहतीस ही मालिका स्वतःच एक विधान आहे, आणि ते विधान पुढच्या ओवीने आधीच ओळखले आहे. तेहतीस कोटी ही संख्या मराठी कानाला कोठून परिचित आहे हेही सांगायला नको. मोजता न येणाऱ्याला मोजल्याचा आभास देणारी ती आपली सर्वांत जुनी संख्या आहे.

कायद्याची भाषा त्या मानाने अधिक विचार करते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा. त्याने शहरांत वृक्ष प्राधिकरण आणले, तोडीला परवानगी सक्तीची केली, दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली. ‘वृक्षगणना’ हा शब्द जनगणनेवरून घडवलेला आहे. झाडाला नागरिकत्व देण्याची सूचना त्यात आहे, आणि ती काही कमी नव्हे. परंतु तोडलेल्या झाडाबदली रोपे लावून भरपाई करण्याच्या व्यवहारात सारी झाडे एकमेकांच्या बदली चालतात असे गृहीत धरलेले असते. २०२१ च्या दुरुस्तीने या गृहीतकाला पहिल्यांदा छेद दिला. पन्नास वर्षांवरील झाडाला ‘वारसा वृक्ष’ असे नाव मिळाले आणि भरपाईच्या रोपांची संख्या तोडलेल्या झाडाच्या वयाशी बांधली गेली : साठ वर्षांचे झाड गेले तर साठ रोपे. झाडाला वय आहे, म्हणजे चरित्र आहे, हे कायद्याच्या संहितेने मान्य केले. पण लगेच वयाचे रूपांतर पुन्हा संख्येत केले. साठ रोपांची बेरीज साठ वर्षे होत नाही, हे गणित कोणत्याही घुबडाला येते. ढोली साठाव्या वर्षी पडते, साठाव्या रोपात नव्हे.

‘आच्छादन’ या शब्दाविषयीही दोन वाक्ये लिहायला हवीत. वृक्षाच्छादन, हरित आच्छादन हे शब्द आता वर्तमानपत्रांतही रुळले आहेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून वनस्थितीचे जे अहवाल काढते, त्यांत एक हेक्टरहून मोठ्या जमिनीवर झाडांच्या छत्राची घनता दहा टक्क्यांहून अधिक असेल तर ते वनाच्छादन. मग जमीन कोणाची आणि झाड कोणते, हा प्रश्न या व्याख्येत येत नाही. मोजमापाची सोय म्हणून ते समजण्यासारखे आहे. परंतु आच्छादन हा आकाशातून पाहणाऱ्याचा शब्द आहे. उपग्रहाला झाडाचा माथा दिसतो. सावली हा खाली उभ्या असलेल्याचा शब्द आहे. माळीवाड्याच्या चौकात मे महिन्यात उभ्या असलेल्या भाजीवालीचा अनुभव एका शब्दात येतो आणि दुसऱ्यात येत नाही. धोरणाने पहिला शब्द वापरावा यात गैर काही नाही. साहित्याच्या अभ्यासकांनीही तोच उचलावा, हे मला गैर वाटते.

हा आरोप करायचा तर आपल्या समीक्षेकडेही पाहिले पाहिजे. मराठी समीक्षेला झाड दिसले की ती प्रतीक शोधू लागते. बालकवींचे ‘औदुंबर’ हे याचे ठळक उदाहरण. (बालकवी काही काळ नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले होते, लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले. टिळकांना तर ‘फुलामुलांचे कवी’ असेच म्हणतात. आमच्या शहराच्या वाङ्मयीन इतिहासात निसर्गकवितेचे एक घर आहे, याचा आम्हांला फारसा अभिमान नाही.) आठ ओळींच्या या कवितेवर आठशे पानांहून कमी लिहिले गेले नसेल. औदुंबर म्हणजे विरक्त योगी, औदुंबर म्हणजे कवीचे उदास मन, औदुंबर म्हणजे मृत्यूची गूढ चाहूल, असे अन्वयार्थ लागले. त्यांतील काही मोलाचे आहेत. परंतु औदुंबर म्हणजे उंबर, ही साधी गोष्ट या चर्चेत कोठे गेली? उंबर ओढ्याकाठचे झाड आहे. जेथे उंबर तेथे पाणी, असे खेड्यातला माणूस मानतो. कवितेतले झाड पाण्यात पाय सोडून बसते ते काही केवळ कवीच्या मनात वैराग्य दाटले म्हणून नव्हे. उंबराला तेथेच बसायचे असते. प्रतीक ज्या जमिनीवर उभे राहते ती जमीन वनस्पतीची आहे.

त्याहून महत्त्वाची आहे ती कवितेची रचना. कविता झाडापासून सुरू होत नाही. आधी दोन्ही तटांवरची हिरवळ आणि त्यांतून वाहणारा झरा, मग टेकडीकडचे लहानसे गाव, मग शेतमळे, मग त्यांतून आडवीतिडवी गेलेली पायवाट, ती कुरणातून काळ्या डोहाकडे जाते, आणि शेवटी, अगदी शेवटच्या ओळीत, झाड. झरा, वस्ती, शेत, कुरण, डोह, झाड असा हा क्रम आहे. ‘कुरण’ हा शब्द कोणी टीपेत घेत नाही. या क्रमातील एकेक दुवा काढून टाकत गेलो तर शेवटच्या ओळीत झाड उरेल, पण ते तेथे का बसले आहे याचे कारण उरणार नाही. आजचे नगरनियोजन नेमके शेवटच्या ओळीवर प्रेम करते. सीनेचे पात्र अरुंद होऊ द्यायचे, ओढ्यांवर स्लॅब टाकायचा, आणि ओढ्याच्या जागी झालेल्या रस्त्याच्या दुभाजकात झाडे लावायची. आणि आपली प्रतीकवादी समीक्षाही, वेगळ्या कारणाने का होईना, शेवटच्या ओळीपाशीच थांबत आली आहे.

कुरणाचा मुद्दा या जिल्ह्यात तर टाळताच येणार नाही. अकोल्याचा डोंगरी भाग सोडला तर हा बराचसा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. येथील अस्सल निसर्ग म्हणजे गवत, बोरी-बाभळी, हिवर, खैर, उघडा माळ. कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० मध्ये झाले. ते दोन चौरस किलोमीटरहून थोडे मोठे आहे. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून माळढोकाचे अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले. काळवीट, माळढोक, लांडगा, चंडोल हे झाडांच्या दाटीत राहणारे प्राणी नव्हेत. ज्याच्या नावातच माळ आहे तो माळढोक गेला तो झाडे तोडल्यामुळे नव्हे. माळ नांगरले गेले, त्यांवरून तारा गेल्या, शिकार झाली, आणि काही ठिकाणी माळावर चांगल्या हेतूने झाडेही लावली गेली. झाड लावणे हे प्रत्येक जागी निसर्गाचे रक्षण असते, हे गृहीतक येथे कोसळते.

भाषेने या बाबतीत काय केले ते पाहण्यासारखे आहे. महसुली दप्तरात या जमिनीला ‘पडीक’ म्हणतात. साहित्यात ‘ओसाड’, ‘उजाड’, ‘रखरखीत’ ही विशेषणे माळाला इतकी चिकटली आहेत की ती वर्णन नसून निवाडा आहेत, हे लक्षातच येत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे (१९५५) मोल मला या दृष्टीने वाढलेले वाटते. त्या कादंबरीतला माळ रिकामा नाही. त्यावर मेंढरे आहेत, धनगर आहेत, आणि दुष्काळ येतो तेव्हा काय काय हलते हे कळण्याइतके काय काय तेथे आहे. ती आपण ‘ग्रामीण’ या खान्यात टाकली. ती गवताळ प्रदेशाची कादंबरी म्हणून वाचली जायला हवी होती. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात खेडे आणि शहर या प्रतिमांमागे जमिनीच्या मालकीचा इतिहास कसा दडलेला असतो हे दाखवले. आपल्याकडे या दोन ध्रुवांबाहेरचा तिसरा प्रदेश आहे, तो माळाचा. तो ना खेड्याचा ना शहराचा, म्हणून तो कोणाच्याही नकाशात ‘मोकळी जागा’ ठरतो. वाढत्या शहराला मोकळी जागा दोन कामांसाठी लागते : भूखंड पाडायला आणि भूखंड पाडल्याची भरपाई म्हणून झाडे लावायला.

पाश्चात्त्य पर्यावरणवादी समीक्षा नव्वदच्या दशकात विद्यापीठांत स्थिरावली. लॉरेन्स ब्यूएल यांचा ‘द एन्व्हायरन्मेंटल इमॅजिनेशन’ १९९५ चा, ग्लॉटफेल्टी आणि फ्रॉम यांनी संपादित केलेला ‘द इकोक्रिटिसिझम रीडर’ १९९६ चा. तिच्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे; पण तिच्या आरंभीच्या लेखनाच्या केंद्रस्थानी असलेले निर्मनुष्य अरण्य हे आपले आदर्श म्हणून घेता येणार नाही. रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्येच त्या आदर्शावर भारतीय अनुभवातून टीका केली होती. दुसऱ्या बाजूने पाहता, आपल्याकडे ‘देशी’ या शब्दाचा मोह आहे. ‘देशी झाडे लावा’ हे वाक्य आणि नेमाड्यांचा देशीवाद यांच्यात वाटते तितके अंतर नाही. दोन्हीकडे मूळ विचारले जाते. गुलमोहर मादागास्करचा हे खरे. पण चिंचही आफ्रिकेतली, आणि चिंचेला परकी म्हणण्याचे धाडस मराठी जिभेला होणार नाही. सुबाभूळ आणि उंबर यांतला फरक पासपोर्टचा नाही. उंबराच्या फळात त्याचा स्वतःचा, त्याच्यावाचून न जगणारा चिमुकला गांधील कीटक वाढतो, आणि त्या फळावर पाखरे, वटवाघळे, खारी जगतात. म्हणजे प्रश्न झाड कोठून आले हा नसून त्याच्याशी कोणाचे किती जुने येणेजाणे आहे हा आहे. सहाव्या अध्यायातल्या मोरांकडे आपण पुन्हा येतो. साहित्यकृतीच्या देशीपणाची चर्चाही याच अंगाने झाली असती तर तिचा पुष्कळ त्रागा वाचला असता, असे मला वाटते. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

नगरच्या लहानशा, घरगुती निसर्गाविषयीचे मला माहीत असलेले सर्वांत जिवंत लेखन मराठीत नाही, ते उर्दूत आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते येथील भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध झाले. नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ मध्ये येथेच लिहिले. त्याच्या आरंभी ते किल्ल्याच्या आवारात बागेसाठी जमीन खणत असल्याचे, आणि मातीत जुन्या बांधकामांचे दगडगोटे लागत असल्याचे सांगतात. इतिहासाचा ग्रंथ फुलांच्या वाफ्यापासून सुरू व्हावा याचे आपल्याला आश्चर्य वाटले पाहिजे. पण नेहरू खणता खणता इतिहासाकडे वळतात. झाड त्यांना मातीकडे आणि माती त्यांना गतकाळाकडे नेते. मौलाना आझाद मात्र तेथेच थांबतात. ‘गुबार-ए-खातिर’मधील (१९४६) न पाठवलेल्या पत्रांत चिमण्यांवर एक दीर्घ प्रकरण आहे. चिमण्या त्यांच्या खोलीत घरटी करतात. आधी आझाद त्यांच्याशी युद्ध पुकारतात, त्यांना हुसकावतात, हरतात, मग तह करतात, दाणे ठेवतात, आणि हळूहळू चिमण्या त्यांच्या हातापर्यंत येतात. विद्वत्तेने ओथंबलेली, फारसी काव्याने नटलेली ही गद्यशैली चिमणीच्या आकारापुढे मुद्दाम मोठी ठेवलेली आहे, आणि तिचा विनोद त्यातच आहे. या लेखनात काहीही लावलेले नाही. एका माणसाने हुसकावणे थांबवले, एवढीच घटना आहे. किल्ला पाहायला येणाऱ्यांना नेहरूंची खोली दाखवतात. चिमण्यांविषयी कोणी सांगत नाही.

याच तालुक्यातील हिवरे बाजारची कहाणी सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्या शब्दसंग्रहाकडे लक्ष गेलेले नाही. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी; पुढे शेतीसाठीच्या कूपनलिकांना आणि उसासारख्या पिकांना मनाई. झाडे तेथेही लावली गेली, बांधबंदिस्तीही झाली. परंतु ज्या शब्दांवर ते गाव उभे राहिले ते ‘बंदी’चे शब्द आहेत. ‘पुरे’ म्हणण्याची ती गावठी, कोरडी, परिणामकारक रीत आहे. शहराच्या शब्दसंग्रहात अशी बंदी नाही. तेथे लक्ष्य, उद्दिष्ट, मोहीम, अभियान हे शब्द आहेत. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाने स्थानिक संस्थांना लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला सांगितले, आणि ती नोंदवही वृक्षगणनेहून मुळातच वेगळी संहिता आहे : तीत नावे यावीत, उपयोग यावेत, कोणाला काय ठाऊक आहे ते यावे. ती जेथे मनापासून भरली जाईल तेथे तिला कोशवाङ्मयाचे मोल येईल. हे काम वनखात्याइतकेच मराठी विभागांचेही आहे. मी विद्यार्थ्यांना माळीवाड्यापासून महाविद्यालयापर्यंतच्या झाडांची नावे लिहून आणायला सांगितले होते. बहुतेकांच्या यादीत पाच-सहा नावे आणि मग ‘इतर झाडे’. निंबळककडून येणाऱ्या एका मुलीने मात्र आजीला विचारून तेवीस नावे आणली. त्यांतली चार मला ओळखता आली नाहीत, आणि दोन शब्दकोशातही सापडली नाहीत.

शहरी झाडाविषयी आपल्या कवितेत काय आहे, असा प्रश्न विचारला जातो तेव्हा मला मर्ढेकरांची मुंबईच्या माघातल्या सकाळीवरची कविता आठवते. ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहातल्या त्या कवितेत बंदर आहे, घरे आहेत, गवळी आहेत, आणि शहराच्या धुरावर आपली न्याहारी करणारी झाडे आहेत. मर्ढेकर त्यांना प्रतीक करत नाहीत, त्यांच्यासाठी हळहळत नाहीत आणि त्यांना वाचवा असेही म्हणत नाहीत. झाडे सकाळच्या कामाला लागलेल्या इतर नागरिकांप्रमाणे आपले काम करत आहेत. न्याहारीच्या त्या शब्दात वनस्पतिशास्त्र आहे आणि शेजारही आहे. यंत्रयुगाचा कडवट कवी म्हणून ज्याला आपण शिकवतो, त्याने शहराला झाडासह एका सकाळी स्वीकारलेले आहे, आणि हे वाचन आपल्या मर्ढेकर-चर्चेत फारसे पुढे आलेले नाही.

गेल्या जूनमध्ये पुन्हा एका समारंभाचे आमंत्रण आले. फलकाचा मजकूर तपासण्यासाठी माझ्याकडे पाठवला होता. ओवी होतीच. तिच्या खाली तिची पुढची ओवीही छापावी, असे मी सुचवले आणि तिचा अर्थही लिहून पाठवला. आयोजकांनी अतिशय आदराने कळवले की सूचना उत्तम आहे, परंतु मान्यवरांची छायाचित्रे बसवल्यावर फलकावर जागा उरत नाही.